आदिवासी व विमुक्त समाजांवरील विद्यार्थी-प्रकल्पांचे मूल्यमापन : सोलापूरच्या संदर्भात काही निकष

(सोलापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. प्रश्नाचे स्वरूप

आदिवासी, विमुक्त आणि भटक्या समाजांवर प्रकल्प लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत चांगली रुळलेली असून, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्याला अनुसरून राज्यात लागू झालेला श्रेयांकाधिष्ठित अभ्यासक्रम यांमुळे तिला आता अधिकृत वजन प्राप्त झाले आहे. क्षेत्रप्रकल्प, म्हणजे विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन पाहणी, मुलाखती व नोंदी यांच्या आधारे केलेला अभ्यास, आणि समुदाय-सहभाग, म्हणजे एखाद्या वस्तीशी वा लोकसमूहाशी जोडून घेऊन केलेले काम, या दोहोंना पदवीच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. सोलापूरचे विद्यापीठ २००४ मध्ये केवळ एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले असल्याने येथील विद्यार्थ्यांचे अभ्यासक्षेत्रही बहुतांशी हाच जिल्हा असते, आणि म्हणून शहराभोवतीच्या त्याच त्या वस्त्यांकडे, त्याच त्या पालांकडे आणि तांड्यांकडे विद्यार्थ्यांच्या नवनव्या तुकड्यांची पावले वळणे स्वाभाविक आहे.

या प्रकल्पांविषयीची चर्चा सहसा विषयाची निवड, पृष्ठसंख्या आणि सादरीकरण यांपाशी थांबते. त्यांचे मूल्यमापन कोणत्या तत्त्वावर व्हावे हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्याचे कारण असे की, ज्या लेखनाला चांगले गुण मिळतात ते पुढच्या तुकडीसाठी नमुना ठरते, त्या नमुन्यातील वाक्ये उतरवली जातात, आणि काही वर्षांत एखाद्या समाजाविषयीचे ऐकीव मत हेच त्या समाजाविषयीचे प्रमाण ज्ञान म्हणून रूढ होते. परीक्षकाने समासात घातलेली बरोबरची खूण ही म्हणूनच एका संपूर्ण लोकसमूहाविषयी दिलेली संमती असते.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य सिद्धांत असा की, अशा प्रकल्पाचे मूल्यमापन दोन कसोट्यांवर व्हावे : प्रकल्पातील प्रत्येक महत्त्वाच्या विधानाचा उगम विद्यार्थ्याला सांगता येतो का, आणि ज्या लोकांविषयी ते विधान केले आहे त्यांच्यासमोर ते मोठ्याने वाचून दाखवता येईल का. पहिली कसोटी ज्ञानाची आहे, दुसरी उत्तरदायित्वाची. आणि सोलापूरच्या इतिहासाकडे पाहता या दोन्हींना येथे विशेष अर्थ आहे.

२. संज्ञा आणि याद्या

परीक्षकाने सर्वप्रथम तपासावी अशी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याने वापरलेल्या संज्ञा. ‘आदिवासी’ हा सामाजिक व राजकीय व्यवहारातील शब्द आहे, तर ‘अनुसूचित जमाती’ ही संविधानाच्या अनुच्छेद ३४२ नुसार राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरणारी आणि संसदेच्या कायद्याने बदलणारी यादी आहे. ‘मूलनिवासी लोक’ ही आंतरराष्ट्रीय संज्ञा असून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी त्यांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मात्र देशातील सर्वच लोक मूलनिवासी आहेत ही आपली शासकीय भूमिका सोडली नाही. ‘विमुक्त’ म्हणजे ब्रिटिश राजवटीने जन्माने गुन्हेगार ठरवलेले आणि स्वातंत्र्यानंतर त्या शिक्क्यातून मुक्त झालेले समाज. ‘भटके’ म्हणजे उपजीविकेसाठी ठरावीक मार्गांनी फिरत राहिलेले समाज. या पाच संज्ञा एकमेकींच्या जागी वापरणारा प्रकल्प प्रारंभीच घसरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,०५,१०,२१३, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के होती. सोलापूर जिल्ह्यात मात्र हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. परिणामी ‘आदिवासी संस्कृती’ हा विषय घेतलेला येथील विद्यार्थी एक तर पुस्तकातून वारली, गोंड किंवा कोरकू समाजांविषयी लिहितो, नाही तर शहरालगतच्या पारधी, कैकाडी, वडार वा बंजारा वस्तीत जातो, आणि तेथे गेल्यावर यादी व समाज यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे ते त्याला कळावे अशी अपेक्षा असते. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, पण राजपारधी व पालपारधी हे १४ विमुक्त जातींच्या यादीत आहेत. कैकाडी समाज विदर्भातील काही जिल्ह्यांत अनुसूचित जातींमध्ये मोडतो, तर सोलापुरात विमुक्त जातींमध्ये. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, सोलापूरची हद्द ओलांडताच लागणाऱ्या कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत गणला जातो. नातेसंबंध सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या एकाच कुटुंबाला तीन राज्यांत तीन ओळखी मिळतात, हे नोंदवणारा विद्यार्थी, ‘बंजारा ही एक आदिवासी जमात आहे’ असे सरळ वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याहून अधिक गुणांस पात्र आहे, कारण त्याने यादीला समाजाचे स्वरूप न मानता प्रशासनाचा निर्णय मानले आहे.

हाच विवेक ‘आदिम जमातींची लक्षणे’ या शीर्षकाखाली येणाऱ्या मजकुराबाबत हवा. आदिम वैशिष्ट्ये, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, इतरांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण ही पाच लक्षणे १९६५ च्या लोकूर समितीशी निगडित आहेत; एखाद्या समाजाचा यादीत समावेश करावा की नाही हे ठरवण्यासाठी प्रशासनाने वापरलेल्या त्या चाचण्या होत. प्रकल्पांच्या प्रस्तावनेत मात्र त्या जिवंत माणसांचे स्वभाववर्णन म्हणून अवतरतात, आणि सोलापूरच्या बाजारात रोज व्यवहार करणाऱ्या, मुलांना शहरातील शाळांत घालणाऱ्या कुटुंबांना ‘संपर्काचा संकोच असलेले’ असे म्हटले जाते. प्रस्तावना आणि स्वतःची पाहणी यांतील असा विरोध विद्यार्थ्याने ओळखला आहे की नाही, हे पाहणे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

३. सोलापूरचा वारसा

एखाद्या समाजाविषयी लिहिलेल्या नोंदींचा त्या समाजाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याचा दाखला सोलापूरला दूर शोधावा लागत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. एखाद्या समाजाला अधिसूचनेने गुन्हेगार घोषित करणे, त्यातील माणसांची नावे व बोटांचे ठसे नोंदवणे, त्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यायला लावणे, परवान्याशिवाय हद्द सोडू न देणे आणि त्यांना वसाहतींत ठेवणे, अशी या कायद्याची रचना होती. १९२४ मध्ये तिचे एकत्रीकरण झाले. सोलापूरची वसाहत, जिला शहर आजही ‘सेटलमेंट’ म्हणते, ही मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती, आणि तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या तेथील माणसांचे श्रम शहराच्या कापडगिरण्यांना मिळत होते. देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मात्र त्याच्या जागी निरनिराळ्या प्रांतांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि जमातीवरील शिक्का कागदावरून गेला तरी संशय राहिला.

या वसाहतींचे अधिकारी म्हणून काम केलेले ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते, आणि तिचा अहवाल १९३० मध्ये आला. मागास वर्गांची अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग अशी विभागणी त्या अहवालाने सुचवली. कुंपणामागील नोंदवही आणि कल्याणकारी वर्गीकरण या दोन्हींशी एकाच अधिकाऱ्याचे नाव जोडलेले असणे, ही वस्तुस्थिती विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावी; कारण आज जे शब्द निरुपद्रवी तांत्रिक संज्ञा म्हणून प्रकल्पांत येतात, ते पाळत आणि कल्याण या दोन्ही कारभारांतून घडत गेले आहेत.

सेटलमेंटच्या इतिहासातील आणखी एक बाब मूल्यमापनाच्या दृष्टीने बोलकी आहे. पंडित नेहरू सोलापुरात आले, तारेचे कुंपण तोडले गेले आणि माणसे मोकळी झाली, अशी आठवण विमुक्त समाजांत सांगितली जाते. त्या घटनेचे साल मात्र निरनिराळ्या कथनांत निरनिराळे आढळते. यांपैकी एक साल उचलून इतिहास म्हणून मांडणारा प्रकल्प दुबळा, आणि साल जुळत नाही म्हणून आठवणच खोटी ठरवणारा प्रकल्पही दुबळाच होय. आठवण कोणी सांगितली, ती त्याने स्वतः पाहिली की वडिलांकडून ऐकली, त्या काळच्या वर्तमानपत्रांत वा सरकारी कागदांत काय मिळते, आणि कायदा रद्द होण्याची तारीख व माणसांना मोकळे झाल्यासारखे वाटल्याची तारीख या दोन वेगळ्या का असू शकतात, एवढा विचार ज्या प्रकल्पात आहे तो मौखिक इतिहासाची रीत समजलेला प्रकल्प होय.

४. आधारग्रंथांची पारख

विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत कोणती पुस्तके आहेत यापेक्षा त्यांचा उपयोग त्याने कसा केला आहे, याला अधिक गुण असावेत. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याविषयीचा खंड, एम. केनेडी यांचे इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वरील १९०८ चे पुस्तक, आर. ई. एन्थोवेन यांचे १९२० ते १९२२ या काळातील तीन खंड आणि मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ हे ग्रंथ माहितीने समृद्ध आहेत आणि त्यांना वगळून या समाजांचा इतिहास लिहिता येत नाही. परंतु गॅझेटियर महसूल व कारभार यांच्या सोयीसाठी, केनेडींचे पुस्तक पोलिसांच्या उपयोगासाठी आणि आत्र्यांचा ग्रंथ गावात स्थिरावलेल्या शेतकऱ्याच्या हिताच्या दृष्टीने लिहिला गेला. गावाबाहेरून येणारा भटका त्या दृष्टीला भार वाटतो, तर त्याच भटक्याच्या कथनात गाव हे आश्रयाचे आणि अपमानाचे दोन्हींचे ठिकाण असते. ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला हे ओळखून त्यातील माहिती वेचणे म्हणजे स्रोतचिकित्सा, आणि तिचा अभाव असलेल्या प्रकल्पात शंभर वर्षांपूर्वीच्या पोलिसी पुस्तकातील वाक्य वर्तमानकाळी क्रियापदासह आजच्या समाजाला चिकटते.

याउलट टोकाची चूक आत्मकथनांच्या वापरात होते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनाने तमाशाच्या फडामागील बाईचे आणि तिच्या मुलाचे जगणे मराठी वाचकांसमोर आणले. या ग्रंथांनी समाजाला आतून पाहण्याची वाट दाखवली, पण प्रत्येक आत्मकथन हे एका माणसाचे, एका कुटुंबाचे आणि एका काळाचे असते. ‘उपरा’मधील प्रसंग उचलून ‘कैकाडी समाजात अशी प्रथा आहे’ असे लिहिणारा विद्यार्थी साहित्यकृतीवर आणि समाजावर सारखाच अन्याय करतो.

या दोहोंच्या मधला आधार अहवालांचा. अनंतशयनम अय्यंगार समितीने स्वातंत्र्यानंतर लगेच गुन्हेगार जमाती कायद्याची चौकशी करून तो रद्द करण्याची शिफारस केली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने विमुक्त-भटक्यांच्या स्थितीवर अहवाल दिले. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या क्षेत्रात काम करते आणि तिच्याशी दीर्घकाळ संबंधित राहिलेल्या डॉ. गोविंद गारे यांचे मराठी लेखन सहज उपलब्ध आहे. गॅझेटियर, आत्मकथन आणि अहवाल या तिन्ही प्रकारच्या साधनांना परस्परांसमोर उभे करून स्वतःच्या पाहणीशी ताडून पाहणारा प्रकल्प, दहा पुस्तकांची नावे शेवटी जोडणाऱ्या प्रकल्पाहून श्रेष्ठ मानला पाहिजे.

५. कालहीन वर्णनाचा दोष

पोशाख, दागिने, लग्नविधी, देवदेवता, खाद्यपदार्थ आणि नृत्य ही प्रकरणे ओळीने मांडून समाज कधीही न बदलणारा आहे असा भास निर्माण करणे, हा या प्रकल्पांतील सर्वांत रूढ दोष होय. वारली चित्रकलेवरील शालेय प्रकल्प हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. भिंतीवर गेरू लावून पांढऱ्या रंगात त्रिकोणी माणसे व तारप्याभोवतीचा फेर काढला की प्रकल्प पूर्ण झाला असे मानले जाते. लग्नप्रसंगी सुवासिनी घरात देवीचा चौक लिहीत, तो विधीचा भाग होता, कागदावर व कापडावर ही चित्रे विक्रीसाठी येणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घडामोड आहे, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि या कलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले, एवढे जरी प्रकल्पात आले तरी चित्रामागे माणसे आणि काळ दिसू लागतात. त्याच वारली शेतमजुरांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध लढा दिला आणि गोदावरी परुळेकर यांनी तो ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदवला. चित्राचा उल्लेख असलेल्या आणि लढ्याचा उल्लेख नसलेल्या प्रकल्पाला परीक्षकाने पूर्ण गुण देऊ नयेत, कारण तो समाजाची कला स्वीकारतो आणि त्याचा इतिहास नाकारतो.

दुसरा दोष उणिवांच्या यादीचा आहे. निरक्षरता, व्यसन, अंधश्रद्धा, अस्वच्छता अशी जंत्री देऊन शेवटी ‘या समाजाला मुख्य प्रवाहात आणणे आवश्यक आहे’ असा उपसंहार केला जातो. वस्तीत पाण्याचा नळ आहे का, जागेचा सातबारा वा मालमत्तापत्रक कोणाच्या नावे आहे, जातीचा दाखला मिळवताना जुना पुरावा मागितला जातो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलेल्या कुटुंबाने तो कोठून आणावा, पोलीस चौकशीला आधी कोणाच्या पालावर येतात, हे प्रश्न ज्या प्रकल्पात विचारलेलेच नाहीत त्यातील उणिवांची यादी केवळ परिणामांची यादी असते, आणि कारणे न शोधता परिणाम मोजणाऱ्या लेखनाला अभ्यास म्हणता येत नाही.

६. क्षेत्रकार्य, संमती आणि अपाय

क्षेत्रकार्याचे मूल्यमापन करताना छायाचित्रांची संख्या हा निकष पूर्णतः टाकून द्यावा. त्याऐवजी विद्यार्थी वस्तीत किती वेळा गेला, कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलला, स्त्रियांशी बोलणे झाले का, उत्तर देणाऱ्याला प्रकल्पाचा हेतू सांगितला का आणि नको असल्यास नकार देण्याची मोकळीक दिली का, हे पाहावे. जाणती संमती म्हणजे माहिती देणाऱ्याने तिचा उपयोग कशासाठी व कोठे होणार हे समजून घेऊन दिलेला होकार. शिक्षकासोबत आलेल्या तीस विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर मौन बाळगणाऱ्या बाईने संमती दिली असे म्हणता येत नाही.

पारधी समाजाच्या संदर्भात हा प्रश्न केवळ सौजन्यापुरता उरत नाही. फासे लावून तितर, ससे व हरणे धरण्याचे कौशल्य हा या समाजाच्या ज्ञानाचा गाभा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा ठरली आणि १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाल्यावर नान्नजच्या माळरानावरील निर्बंध अधिक कडक झाले. अशा स्थितीत विद्यार्थ्याने मुलाखत देणाऱ्याचे नाव, गाव आणि छायाचित्र यांसह शिकारीचे वर्णन छापले, तर त्याचा प्रामाणिक प्रकल्प त्या माणसाविरुद्धचा पुरावा ठरू शकतो. येथे सत्याचा आग्रह आणि अपाय न करण्याचे कर्तव्य यांचा मेळ घालावा लागतो : नावे बदलणे, ठिकाण मोघम ठेवणे, भूतकाळातील कौशल्य आणि वर्तमानातील कृती यांत स्पष्ट भेद करणे, आणि काही गोष्टी लिहिल्याच न जाणे. जाणीवपूर्वक गाळलेल्या मजकुराचे कारण विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत सांगितले, तर त्या संयमाला गुण मिळाले पाहिजेत.

शिकारीसारख्या नाजूक विषयाचाही अभ्यास किती उंचीचा होऊ शकतो, हे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या समाजांवर केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. एकाच प्रदेशात फिरणारे तिरुमल नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर व घोरपड यांची, वैदू सापळ्यांनी लहान मांसाहारी प्राण्यांची आणि फासेपारधी फाशांनी हरणे व पक्षी यांची शिकार करीत. म्हणजे निसर्गाच्या साधनांची वाटणी अशी झाली होती की एका समाजाचा दुसऱ्याच्या उपजीविकेवर सहसा घाला येत नसे. पोलिसी पुस्तकांना ज्यांत गुन्ह्याची पद्धत दिसली त्याच वर्तनात या संशोधकांना परिसंस्थेची जाण दिसली, कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता. प्रकल्पातील माहितीइतकेच प्रकल्पाच्या प्रश्नालाही गुण असले पाहिजेत, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

जगातील इतर मूलनिवासी समाजांनीही हा प्रश्न आपल्या हाती घेतला आहे. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात संशोधन आणि वसाहतवाद यांचे नाते उलगडले, तर दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली आणि आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी व योग्य प्रक्रिया ही मूल्ये तिच्या केंद्रस्थानी ठेवली. सोलापूर परिसरातील विमुक्त समाजांच्या संघटनांना सोबत घेऊन विद्यार्थी-प्रकल्पांसाठी अशीच एक छोटी आचारसंहिता तयार करणे पूर्णपणे शक्य आहे.

७. भाषा

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा ज्या शहरात रस्त्यावर ऐकू येतात तेथील परीक्षकाकडून भाषिक सूक्ष्मतेची अपेक्षा करणे रास्त आहे. कैकाडी ही तमिळशी जवळीक असलेली द्राविडी भाषा, पारधी समाजाची भाषा गुजरातीच्या जवळची, तर बंजारा समाजाची गोरमाटी राजस्थानी भाषांच्या नात्यातली. प्रकल्पांत मात्र त्यांना सरसकट ‘मराठीच्या बोली’ किंवा, त्याहून वाईट, ‘गुप्त भाषा’ म्हटले जाते. परक्यांपासून बोलणे लपवण्यासाठी काही समाज सांकेतिक शब्द वापरीत हे खरे, पण घरात मुलांशी बोलली जाणारी, स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आणि धंद्यापुरती सांकेतिक शब्दावली या वेगळ्या वस्तू आहेत. त्यांची सरमिसळ ही संशयी नजरेच्या नोंदींतून आलेली आहे. नातेवाचक शब्द, ऋतू व झाडांची नावे किंवा मोजमापाचे शब्द असा लहानसा शब्दसंग्रह सांगणाऱ्याच्या उच्चारानुसार काळजीपूर्वक लिहून आणणारा विद्यार्थी, भाषेवर दोन पाने सामान्य मजकूर लिहिणाऱ्यापेक्षा अधिक मोलाचे काम करतो.

८. टीका, गौरव आणि आतला आवाज

या निकषांचा अर्थ असा नव्हे की प्रकल्पाने समाजाचा केवळ गौरव करावा. जातपंचायतीचा जाच, बालविवाह, स्त्रियांवरील बंधने यांविषयी मौन पाळणे हाही समाजातील दुर्बलांवर अन्यायच होय. परंतु टीकेचा अधिकार जबाबदारीने वापरला जातो तेव्हा ती टीका आतील संघर्षाशी जोडलेली असते. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनीच २०१७-१८ मध्ये कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध उघड मोहीम उभारली, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला त्यामागे निरनिराळ्या समाजांतील बहिष्कृत कुटुंबांच्या तक्रारी होत्या. प्रथेचे वर्णन करून तिला विरोध करणाऱ्या आतल्या माणसांचा उल्लेख टाळणारा प्रकल्प संपूर्ण समाजाला त्या प्रथेचा गुन्हेगार ठरवतो, आणि जुन्या कायद्याची तर्कपद्धती नकळत पुन्हा वापरतो.

विद्यार्थी स्वतः त्याच समाजातला असेल तेव्हा परीक्षकाची जबाबदारी वाढते. त्याच्या आजीचे कथन ‘ऐकीव’ म्हणून बाजूला सारणे आणि छापील पुस्तकातील परक्याचे विधान ‘प्रमाण’ म्हणून स्वीकारणे हा पूर्वग्रह होय. त्याचबरोबर तो त्या समाजातला आहे एवढ्यावर त्याचे प्रत्येक विधान चिकित्सेविना मान्य करणे हाही त्याच्या बुद्धीचा अवमान होय. वर्गातील अशा एखाद्या विद्यार्थ्याला ‘आपल्या समाजाविषयी सांग’ म्हणून सर्वांसमोर उभे करण्याचे टाळावे, आणि त्याला गणितावर, नाटकावर किंवा सोलापुरी चादरीवर प्रकल्प करायचा असेल तर ती मोकळीक निःसंकोच द्यावी.

९. गुणांची एक विभागणी

या विवेचनातून १०० गुणांची पुढील विभागणी सुचवता येते. स्रोतांची निवड व चिकित्सा यांना २५ गुण. क्षेत्रकार्याची खोली, म्हणजे भेटी, मुलाखती व नोंदवही यांना २०. ऐतिहासिक व कायदेशीर संदर्भाच्या अचूकतेला १५. भाषा, संज्ञा आणि लेखनातील आदर यांना १५. संमती व अपाय टाळण्याची दक्षता यांना १५. आणि परताव्याला १०. परतावा म्हणजे माहिती देणाऱ्यांकडे अभ्यास परत नेणे : लेखन वाचून दाखवणे, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या नोंदवणे, कौटुंबिक छायाचित्राची प्रत किंवा आठवणीचे ध्वनिमुद्रण त्या कुटुंबाला देणे. सजावट, बांधणी आणि पृष्ठसंख्या यांना या विभागणीत जाणीवपूर्वक स्थान दिलेले नाही. शालेय पातळीवर हेच निकष सौम्य करून वापरावेत. सातवीतील मुलाने ‘ही गोष्ट मला अमुक आजींनी सांगितली’ असे लिहिले तरी त्याने स्रोत नोंदवण्याची पहिली पायरी चढलेली असते.

तोंडी परीक्षेला या पद्धतीत मध्यवर्ती महत्त्व राहील. बाजारातील तयार प्रकल्पांतून उतरवलेला आणि आता संगणकाकडून लिहवून घेतलेला मजकूर भाषेच्या सफाईमुळे कागदावर ओळखणे कठीण झाले आहे. परंतु कोणत्या घरी बसून बोलणे झाले, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, कोणते मत पाहणीनंतर बदलले, या तीन प्रश्नांची उत्तरे वस्तीत न गेलेल्या विद्यार्थ्याला देता येत नाहीत. शक्य तेथे संबंधित समाजातील एखाद्या शिक्षिकेला, कार्यकर्त्याला किंवा पदवीधराला सहपरीक्षक म्हणून मानधनासह बोलवावे, आणि त्याच्या मताला औपचारिक गुणांचे वजन असावे.

१०. समारोप

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांना यासाठी नव्या शासन-आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागाच्या बैठकीत निकषपत्रिका मान्य करून ती विद्यार्थ्यांना वर्षाच्या आरंभीच देणे, एकाच वस्तीवर प्रकल्पांचा भार पडू नये म्हणून महाविद्यालयांनी आपसांत समन्वय ठेवणे, चांगल्या प्रकल्पांच्या प्रती माहिती देणाऱ्यांच्या संमतीने विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन करणे, आणि दर वर्षी ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनी त्यांतील निवडक प्रकल्पांचे जाहीर वाचन त्या त्या समाजातील श्रोत्यांसमोर घडवणे, ही चारही कामे उपलब्ध साधनांत होण्याजोगी आहेत.

ज्या शहरात माणसांविषयीच्या नोंदींनी माणसांना कुंपणात ठेवले, त्या शहरातील शिक्षणसंस्थांवर माणसांविषयी लिहायला शिकवण्याची जबाबदारी इतरांहून अधिक आहे. विद्यार्थी चुकतील, अर्धवट माहिती आणतील, घाईने निष्कर्ष काढतील. ते शिकण्याचेच टप्पे आहेत. परीक्षकाने मात्र त्या चुकांना गुण देऊन त्यांचे ज्ञानात रूपांतर करू नये. विधानाचा उगम विचारण्याची आणि ते विधान संबंधितांसमोर वाचण्याची सवय एका पिढीला लागली, तर या समाजांविषयीचे पुढचे ग्रंथ अधिक खरे होतील, आणि त्यांतील पुष्कळ ग्रंथ त्याच समाजांतील मुले-मुली लिहितील.